गळाचे टोक

प्रवासापेक्षा प्रवासाचे बेत करण्यात जास्त सुख असते, असे म्हणणारे लोक बहुधा माझ्यासारखे बेताच्या मिळकतीचे असतात. तिकिटाला पैसे पडतात, नकाशा पाहायला पडत नाहीत. गेल्या आषाढापासून आमच्या घरात असाच एक बेत शिजत पडला आहे. येत्या मे महिन्याच्या सुटीत हिमाचल प्रदेशात कुलू जिल्ह्यातल्या तीर्थन नदीवर जायचे आणि तिथला ट्राउट नावाचा मासा गळाने धरायचा, असा तो बेत. मूळ कल्पना आमच्या एका वडीलधाऱ्या स्नेह्यांची. त्यांना आम्ही सारे अप्पा म्हणतो. त्यांची सारी नोकरी उत्तरेकडे धरणांच्या कामांवर गेली, आणि रविवार गेले डोंगरातल्या नद्यांवर. आता सत्तरी गाठल्यावर आपली विद्या कुणाच्या तरी हवाली करावी असे त्यांच्या मनाने घेतले, आणि शेजारी राहतो म्हणून ती माझ्या वाट्याला आली.

आपल्याकडे गळ म्हटले की बांबूची काठी, दोरी, भेंडाचा तरंगा आणि गळाला लावलेला काडू एवढेच डोळ्यांपुढे येते. गळ टाकून बसणे हा शब्दप्रयोगसुद्धा आपण आळशी माणसासाठी वापरतो. अप्पांची विद्या निराळी आहे. तिच्यात बसायचे नसते. गळाला काडू लावायचा नसतो, कणीकही लावायची नसते. एका बारीक गळाला रेशमाचा धागा, कोंबड्याच्या मानेचे पीस आणि कसली तरी लव गुंडाळून खोटी माशी तयार करायची. इंग्रजीत तिला 'फ्लाय' म्हणतात आणि या साऱ्या प्रकाराला 'फ्लाय फिशिंग'. ही माशी इतकी हलकी की ती फेकताच येत नाही. म्हणून दोरी मुद्दाम वजनदार करतात. साध्या गळात शिशाचा तुकडा पुढे जातो आणि दोरी त्याच्यामागून ओढली जाते. इथे दोरीच पुढे जाते आणि माशीला आपल्याबरोबर नेते. चाबूक मागेपुढे झुलवावा तशी ती लांब दोरी हवेत झुलवून, ती अगदी सरळ झाली की मग हळूच पाण्यावर उतरवायची. माशी पाण्यावर पडता कामा नये, बसली पाहिजे. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून, दगडाच्या आडोशाला उभा असतो. त्याला वाटले पाहिजे की वरून एक थकलेला कीटक वाहत आला.

हा प्रकार साहेबाने काढला असे मी समजत होतो. पण ईलियन नावाच्या एका रोमन लेखकाने सुमारे १,८०० वर्षांपूर्वीच लिहून ठेवले आहे की, मॅसिडोनियातले लोक गळाला लाल लोकर आणि कोंबड्याची पिसे बांधून ठिपक्यांचे मासे धरतात. १६५३ मध्ये इंग्लंडात आयझॅक वॉल्टनने 'द कम्प्लीट अँगलर' हे पुस्तक लिहून या नादाला एक प्रकारची सात्त्विक प्रतिष्ठा मिळवून दिली. पुढे बायरन कवीने त्याच वॉल्टनला क्रूर म्हणून झोडपले. म्हणजे जो प्रश्न पुढे आमच्या माजघरात निघाला, तो तसा जुनाच आहे.

बेताविषयी बोलायचे तर तो आता कागदावर पुरा झाला आहे. हिमाचलात १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत ट्राउट धरायला बंदी असते, कारण तो त्यांचा अंडी घालण्याचा काळ. हा अंक तुमच्या हाती असेल त्या सुमारास तिकडे मासेही आपल्यासारखेच प्रपंचात गुंतलेले असतील. मार्च-एप्रिलचे दिवस उत्तम, पण ते परीक्षांचे. पावसाळ्यात पाणी गढूळ होते. तेव्हा शाळामास्तराला मे महिन्याशिवाय गत्यंतर नाही. मे महिन्यात वरचे बर्फ वितळते, नदी दुपारनंतर फुगते. म्हणून पहाटे नदीवर जायचे आणि दुपारी परत फिरायचे. पुण्याहून दिल्ली, पुढे चंडीगड, मंडी, औट. औटच्या बोगद्याच्या अलीकडे मोठा रस्ता सोडून लारजीला वळायचे. तिथे तीर्थन आणि सैंज या नद्या बियासला मिळतात. मग बंजार, आणि शेवटी गुशैनी. त्याच्या वर ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यान, ज्याला २०१४ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले. मत्स्य खात्याचा परवाना घ्यायचा. किती मासे घ्यावेत, किती लांबीच्या आतला सोडून द्यावा, याचे सरकारी नियम आहेत ते पाळायचे. हे सारे एका शाळेच्या वहीत मी सुवाच्य अक्षरांत लिहून ठेवले आहे.

सरावही चालू आहे. नदी जवळ नाही, म्हणून संध्याकाळी शाळेच्या मैदानावर, गळाच्या जागी लोकरीचा एक बारीकसा गोंडा बांधून मी दोरी फेकायला शिकतो. पोरे कुंपणावर बसून विचारतात, "सर, मैदानात मासे आहेत का?" पहिले पंधरा दिवस दोरी माझ्याच कानाभोवती गुंडाळली जाई. आता ती कधी कधी हवेत सरळ उलगडते, क्षणभर अधांतरी थांबते आणि जमिनीवर अशी उतरते की धूळही उडत नाही. तो क्षण काय सांगावा! मला वाटते, कीर्तनकाराची तान समेवर येते तेव्हा त्याला असेच होत असेल.

इथपर्यंत सगळे ठीक होते. पण आमचे घर म्हणजे एक छोटीशी धर्मसभाच आहे. माझी आई माळकरी, पत्नी मालवणची. आमच्या स्वयंपाकघरात तवे दोन, कढया दोन आणि आठवड्याचे वारही दोन पक्षांत वाटून दिलेले. गेली अठरा वर्षे हा तह कुणी मोडलेला नाही. बेताची बातमी लागताच पत्नीने आपला निकाल दिला, "धरलात तर तिथेच तिखटमीठ लावून तळून देईन. सोडून देणार असाल तर मला सांगूसुद्धा नका." आई एवढेच म्हणाली, "ज्याचा जीव त्याला." आणि जपाची माळ पुढे चालू केली. अप्पांचा पंथ तिसराच. ते धरलेला प्रत्येक मासा सोडून देतात. गळाचा मागचा काटा ते पकडीने दाबून टाकतात, म्हणजे गळ झटकन निघतो. माशाला हात लावण्यापूर्वी हात पाण्यात भिजवून घेतात, म्हणजे त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघत नाही. पाणी फार कोमट झाले की ते धरणेच थांबवतात, कारण अशा पाण्यात प्राणवायू कमी असतो आणि दमलेला मासा पुन्हा सावरत नाही. इतके सगळे सोपस्कार त्यांनी मोठ्या ममतेने आम्हांला सांगितले. माझी सातवीतली मुलगी ते तोंडावर हात ठेवून ऐकत होती. शेवटी तिने विचारले, "अप्पा आजोबा, सोडूनच द्यायचा, तर धरायचा कशाला?"

अप्पा हसले. पण त्यांच्याकडे उत्तर होते, आणि ते वजनदार होते. ते मला म्हणाले, "मास्तर, तुम्ही बोंबील खाता ना? बोंबलाच्या जाळ्यात हजारो जीव गुदमरून मरतात. माझा एकही मासा मरत नाही म्हटले तरी चालेल. पाच मिनिटांनी तो पुन्हा आपल्या दगडाआड उभा असतो. मग दोघांत निर्दय कोण?"

हे उत्तर मी बरेच दिवस मनात घोळवले. वेदनांचा जमाखर्च मांडला तर अप्पांचा हिशेब बिनतोड आहे. बोंबलाच्या जाळ्यापेक्षा त्यांच्या गळाने जगात नक्कीच कमी दुःख होते. पण जमाखर्चाच्या बाहेर काही तरी उरते, असे मला वाटत राहिले. हर्णैचा कोळी जाळे ओढतो तेव्हा बोंबलाच्या तडफडीत त्याला गोडी नसते. बोंबील जाळ्यात शिरताच झोपी जातील अशी काही युक्ती निघाली, तर कोळी देवाचे आभारच मानील. अप्पांना मात्र तसा झोपी जाणारा ट्राउट नको आहे. काठी वाकते, दोरी सूं करून पळते, मासा उसळ्या मारतो, हीच त्यांच्या रविवारची कमाई. कोळ्याच्या धंद्यात माशाची तडफड हा नाइलाजाचा भाग आहे. अप्पांच्या नादात तोच गाभा आहे. माशाला अर्थातच या फरकाचे सोयरसुतक नाही. त्याच्या दृष्टीने गळ तो गळ. पण नीतीचा प्रश्न केवळ माशाचे काय होते एवढ्यावर संपत नाही. त्या वेळी आपण कशात आनंद मानतो, हाही त्याचा अर्धा भाग आहे.

यावर कुणी म्हणेल, माशाला दुखते हे तरी कुणी सांगितले? शास्त्राचे माझे शिक्षण मॅट्रिकच्या पुढे गेलेले नाही, पण या बाबतीत शास्त्रज्ञांचेही दोन तट आहेत. २००२ मध्ये जेम्स रोझ या अमेरिकन शास्त्रज्ञाने असे मांडले की, माणसाच्या मेंदूतला जो थर दुःखाची जाणीव करून देतो तो माशाला नसतोच. तेव्हा त्याची धडपड म्हणजे निव्वळ प्रतिक्षिप्त क्रिया. २००३ मध्ये स्कॉटलंडात लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमक्या ट्राउटवरच प्रयोग केले. ट्राउटच्या तोंडापाशी इजेची सूचना देणारे मज्जातंतू त्यांना आढळले. आणि ओठांत आम्ल टोचलेले मासे तळाच्या खड्यांवर ओठ घासू लागले, खायला लवकर येईनात, असे त्यांनी नोंदवले. वाद अजून मिटलेला नाही. पण आपल्याकडे कोर्टात संशयाचा फायदा आरोपीला देतात. ट्राउट तर आरोपीही नाही. मग तो फायदा त्याला का देऊ नये? स्वित्झर्लंडच्या कायद्याने तर, पुढे सोडून देण्याच्याच हेतूने मासा गळाने धरायला मनाई केली आहे. खायला धरा, पण नुसता खेळायला धरू नका, असा त्याचा भाव. आमच्या पत्नीचा निकाल आणि स्विस सरकारचा निकाल एकच निघाला, याचे तिला मुळीच आश्चर्य वाटले नाही.

आता 'खेळ' हा शब्द आला, तेव्हा त्याच्याकडे जरा निरखून पाहू. दिवाळीत आपली मुले अंगणात मातीचा किल्ला करतात. बुरूज, तट, हळिवाचे रान, वर महाराज, खाली मावळे आणि तोफा. ते लढाईचेच चित्र असते. पण त्या किल्ल्यावर कुणी मरत नाही, कुणाचे घर जळत नाही. लढाईतले शौर्य तेवढे मुलांनी उचललेले असते आणि रक्त बाहेर ठेवलेले असते. कबड्डीत गडी 'मरतो' आणि थोड्या वेळाने 'जिवंत' होऊन पाटीवर येतो. बुद्धिबळात राजा कोंडला जातो आणि पुढच्या डावात पुन्हा सिंहासनावर. खेळ म्हणजे आयुष्यातली एखादी भयंकर गोष्ट घेऊन तिचे विष काढून टाकणे, असे मला शाळेच्या मैदानावर इतकी वर्षे उभे राहून वाटू लागले आहे.

पण त्याला एक अट आहे. हा खेळ आहे हे दोन्ही बाजूंना ठाऊक पाहिजे. आमच्या पोरांचा एक जुना मंत्र आहे, 'टॅम्प्लीज'. मूठ तोंडाशी नेऊन तो उच्चारला की पाठलाग करणाऱ्याने जागच्या जागी थांबायचे. इंग्रजी शब्दाची इतकी गोड मोडतोड दुसरी नसेल. तो शब्द कुणी उच्चारला आणि तरीही दुसरा थांबला नाही, तर पोरे एका सुरात ओरडतात, कारण त्या क्षणी खेळ संपून मारामारी सुरू झालेली असते. मासा टॅम्प्लीज म्हणू शकत नाही. आपण खेळात आहोत हेच त्याला माहीत नाही. त्याच्या बाजूने ते मरणच आहे, आणि तो मरणाशीच झुंजतो. पाच मिनिटांनी अप्पा त्याच्या वतीने टॅम्प्लीज म्हणतात आणि त्याला सोडतात, हे खरे. पण तोवरची पाच मिनिटे त्याने खऱ्या मरणात काढलेली असतात.

अप्पांच्या बोलण्यात याला एक शब्द आहे. गळाला लागलेला मासा दमेपर्यंत दोरी कधी सैल, कधी ताठ करत राहणे, याला ते माशाला 'खेळवणे' म्हणतात. मी व्याकरण शिकवतो, त्यामुळे हा शब्द माझ्या कानात अडकला. खेळणे आणि खेळवणे ही एकाच धातूची दोन रूपे. दुसरे प्रयोजक. आई तान्ह्याला खेळवते, तेव्हा आईही खेळते आणि तान्हेही खिदळते. मांजर उंदराला खेळवते, तेव्हा खेळते फक्त मांजर. प्रत्यय दोन्हीकडे तोच, पण पहिल्या वाक्यात दोन जीव सुखी आहेत आणि दुसऱ्यात एकच. माशाला खेळवणे यांपैकी कुठल्या वाक्यात बसते, हे सातवीतल्या मुलीला सांगावे लागले नाही.

तरीही अप्पांची एक बाजू मांडल्याशिवाय पुढे जाणे न्यायाचे होणार नाही. नदीवर प्रेम करायला माणसे लागतात, आणि नुसते काठावरून पाहणाऱ्यांपेक्षा पाण्यात गुडघाभर उभी राहणारी माणसे नदीला जास्त ओळखतात. कुठल्या दगडाखाली कसले किडे आहेत, पाणी कालपेक्षा किती बोटे चढले, कुणी वरून घाण सोडली आहे का, हे गळवाल्याला आधी कळते. ज्या माशीची नक्कल अप्पा धाग्यापिसांनी करतात, ती मे-फ्लाय अळीरूपाने कित्येक महिने पाण्यात दगडाखाली काढते आणि पंख फुटल्यावर एखाददुसरा दिवस जगते. त्या दिवसात ती काही खात नाही, खाण्याजोगे तोंडच तिला उरत नाही. हे मी चाळीस वर्षांत कधी ऐकले नव्हते; गळामुळे ऐकले. तीर्थनच्या खोऱ्यातल्या लोकांनी आपल्या नदीवर जलविद्युत प्रकल्प नकोत म्हणून झगडा केला, आणि राज्य सरकारनेही तीर्थनवर ते होऊ द्यायचे नाहीत असे ठरवले. त्या निर्णयामागे ट्राउट आणि त्याच्यासाठी येणारे पाहुणे हे एक मोठे कारण होते. धरणे बांधण्यात हयात गेलेले अप्पा हे सांगताना जरा खालच्या आवाजात सांगतात.

पण या बाजूलाही एक पोटबाजू आहे. ट्राउट हा हिमालयाचा मूळचा रहिवासी नाही. १८९९ मध्ये विलायतेहून काश्मीरला आणलेली त्याची अंडी वाटेतच नासली. पुढच्या खेपेची टिकली, आणि फ्रँक मिचेल नावाच्या, श्रीनगरात गालिच्यांचा कारखाना चालवणाऱ्या साहेबाच्या खटपटीने तो तिथल्या नद्यांत रुजला. १९०९ च्या सुमारास काश्मीरमधून तो कुलूत आला. कटराईनजवळ महिली इथे त्याचे पहिले अंडी उबवण्याचे केंद्र निघाले. साहेबाला घरची आठवण आली म्हणून हा मासा इथे आला. या पाण्यांत आधीपासून राहणारी एक देशी मासळी आहे. तिला इंग्रजीत 'स्नो ट्राउट' म्हणतात, पण ती ट्राउट मुळीच नव्हे, आपल्या रोहू-कटल्याच्या कुळातली आहे. परका ट्राउट तिच्या जागेवर आणि अन्नावर हक्क सांगतो, तिची पिल्लेही खातो. जगातल्या सर्वांत उपद्रवी अशा १०० परक्या जीवजातींच्या यादीत तपकिरी आणि इंद्रधनुषी, दोन्ही ट्राउट आहेत. तेव्हा धरलेला ट्राउट परत नदीत सोडला की आपण निसर्गाची ठेव निसर्गाला परत केली, असे समजण्याचे कारण नाही. त्यातल्या त्यात एखादा खाल्ला, तर नदीचे काही बिघडत नाही.

मग करायचे काय? घरीच बसायचे? आईने या प्रश्नाचे उत्तर न बोलता दिले, असे मी समजतो. देहूला गेले की ती इंद्रायणीच्या डोहाकाठी बसून माशांना चुरमुरे टाकते. त्या डोहातले मासे कुणी धरत नाही. महाड तालुक्यात वाळण कोंडीलाही असेच देवीचे मासे आहेत. मोठमोठे महसीर काठाशी येऊन यात्रेकरूंच्या हातून खातात आणि त्यांना कुणी गळ दाखवत नाही. आई चुरमुरे टाकते, मासा वर येतो, पाणी फुटते, आणि तिच्या चेहऱ्यावर अगदी तोच आनंद उमटतो जो अप्पांच्या चेहऱ्यावर त्यांच्या गोष्टी सांगताना उमटतो. वर या म्हटले आणि खालून कुणी तरी आले! दिसत नसलेल्या जगाने ओ दिली. या आनंदाला गळाचे टोक लागत नाही, हे माझी आई तिच्या नकळत कैक वर्षे सिद्ध करीत आली आहे.

मैदानावरच्या सरावात मला नेमकी याचीच उणीव भासत होती. दोरी सुरेख उतरते, पण मैदान ओ देत नाही. तेव्हा ओ देणारे कुणी तरी हवे, हे अप्पांचे म्हणणे मला मान्य आहे. पण ट्राउट वर आला, त्याने माशी खरी मानून तोंडात घेतली, की फेकणाऱ्याची सारी विद्या तिथे पूर्ण होते. पाण्याची ओढ ओळखली, किडा ओळखला, सावली पडू दिली नाही, दोरी हलकी उतरवली, या साऱ्या परीक्षेचा निकाल त्या एका क्षणात लागतो. त्यानंतर जे होते ते बळाचे आणि भीतीचे काम. त्यात बळ आपले आणि भीती त्याची. मला हवे आहे ते पहिले. दुसरे मी सोडून देऊ शकतो.

आणि तशी सोय आहे! काही गळवाले आपल्या गळाचे टोकच मोडून टाकतात. मासा माशी तोंडात घेतो, दोरीला क्षणभर झटका बसतो, आणि हे आपले अन्न नव्हे असे कळताच तो ती थुंकून निघून जातो. त्याची फसवणूक होते, हे कबूल. पण त्या पाण्यात वाहून येणाऱ्या काडीने आणि पानानेही तो रोज फसतच असतो. फसलेल्याला त्याची किंमत किती मोजावी लागते, यावर फसवणुकीचे पाप ठरते. आपल्यावर विश्वास टाकणाऱ्याला फसवणे निराळे. ट्राउटने माझ्यावर कधी विश्वास टाकलेला नाही.

हा विचार मी अप्पांना सांगितला तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे वाजतगाजत वरात काढायची आणि नवरी न आणताच परत यायचे!" मी म्हटले, "अप्पा, नवरीला विचारले कुणी होते?" त्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांची पन्नास वर्षांची आवड एका संध्याकाळी बदलावी असे मला मुळीच वाटत नाही. त्यांचा मासा जिवंत राहावा म्हणून ते घेतात तेवढी काळजी मासळीबाजारात मी तरी कुणी घेताना पाहिलेली नाही.

तेव्हा आमच्या वहीत शेवटच्या पानावर असे ठरले आहे. गुशैनीला पाच सकाळी मिळतील. चार सकाळी मी बिनटोकाच्या गळाने फिरायचे आणि किती माशांनी ओ दिली ते मुलीने मोजायचे. पाचव्या सकाळी एकदाच टोक असलेला गळ लावायचा, कायद्याला चालेल एवढाच एक मासा घ्यायचा, त्याला खेळवत न बसता झटपट काठावर आणायचा, तत्काळ मारायचा आणि पत्नीच्या तव्यावर ठेवायचा. जे पोटासाठी आहे ते पोटाच्या नावाने करावे, जे खेळासाठी आहे ते खेळाच्या नियमाने करावे, आणि दोहोंची सरमिसळ करू नये, एवढाच याचा अर्थ. आई त्या सकाळी नदीच्या वरच्या अंगाला फिरायला जाणार आहे. तिने तसे कळवलेही आहे. दोन तव्यांचा आमचा तह हिमालयातही पाळला जाईल.

अप्पांनी परवा माझी माश्यांची डबी मागून घेतली. परत दिली तेव्हा तिच्यातल्या चोवीस माश्यांची टोके पकडीने मोडलेली होती आणि एकीचे शाबूत होते. त्या एकीला त्यांनी ओळखू यावे म्हणून लाल धागा बांधला आहे. आता एकच गोष्ट मला ठाऊक नाही. चौथ्या दिवशी, पहाटेच्या निवळ पाण्यात, हातभर लांबीचा ट्राउट माझ्या मोडक्या गळावर वर आला आणि थुंकून निघून गेला, तर माझा हात त्या लाल धाग्याकडे जाईल की नाही? मुलगी शेजारी वही घेऊन उभी असेल, हे एक बरे आहे.